लाकडी टॉवर आणि वरच्या मजल्याचं बाथरूम



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत सुतारकाम शिकवायचे. रंधा कसा धरावा याआधी फळी कशी वाचावी हे ते शिकवत. रेषा कुठून कुठे गेली, गाठ कुठे आहे, गाभ्याचं लाकूड कोणतं आणि सालीजवळचं कोणतं, हे मुलाला कळल्याशिवाय ते हातात करवत देत नसत. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्याख्यानात लाकडावर बोलायचं, हे ठीकच झालं. मी मात्र जन्मभर सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींचे हिशेब केलेला माणूस आहे. माझ्या शंकांत त्या सवयीचा वाटा असणार. तुम्ही तो वजा करून ऐका.

विषय सुचला तो नॉर्वेतल्या एका इमारतीच्या चित्रफितीवरून. ब्रुमुंडाल नावाच्या गावात तळ्याकाठी 'म्योस्तोर्नेट' ही अठरा मजल्यांची लाकडी इमारत आहे. 2019 मध्ये पूर्ण झाली, उंची 85.4 मीटर. ती चित्रफीत आपल्याकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरली आणि वाकड-ताथवड्यातल्या दोन-तीन तरुण अभियंत्यांनी मला सरळ विचारलं, की सर, आपल्याकडे हे का नाही? प्रश्न रास्त आहे. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात, आणि आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तर दर पावसाळ्यानंतर क्षितिजावर नवे क्रेन उगवतात.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. हे ओंडक्याचं लाकूड नव्हे. पातळ फळ्या वाळवून, गाठी-भेगा कापून टाकून, डिंकाने चिकटवून त्यांचे मोठे अवयव करतात. सगळ्या फळ्या एकाच दिशेला ठेवून तुळई किंवा खांब केला की ग्लुलॅम. याचं पेटंट जर्मनीच्या ओटो हेत्झरने 1906 मध्ये घेतलं, म्हणजे कल्पना काही कालची नाही. एक थर उभा, एक आडवा, असे तीन, पाच, सात थर चिकटवून भिंतीएवढी जाड लादी केली की क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, थोडक्यात सीएलटी. हे 1990 च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत पुढे आलं. ग्राझच्या गेरहार्ड शिकहोफर यांचं संशोधन त्यामागे मोठं आहे. लंडनला मरे ग्रोव्हवर 2009 मध्ये नऊ मजले झाले, व्हँकुव्हरच्या विद्यापीठात 2017 मध्ये अठरा मजल्यांचं वसतिगृह झालं, अमेरिकेत मिलवॉकीला 2022 मध्ये पंचवीस मजल्यांची 'असेंट' झाली, 86.6 मीटर.

आता या इमारतींत लाकूड नसलेलं काय आहे ते बघा. असेंटचे खालचे सहा मजले काँक्रीटचे, त्यावर एकोणीस लाकडाचे, आणि लिफ्ट-जिन्याचे गाभेही काँक्रीटचेच. व्हँकुव्हरच्या वसतिगृहात तळमजला आणि दोन्ही गाभे काँक्रीटचे. म्योस्तोर्नेटमध्ये वरच्या सात मजल्यांच्या स्लॅब मुद्दाम काँक्रीटच्या टाकल्या, कारण इमारत फार हलकी झाली की वाऱ्याने डोलते आणि वरच्या माणसाला बोटीत बसल्यासारखं होतं. यात फसवणूक काही नाही. ज्या कामाला जे साहित्य शहाणं, ते वापरलं. फक्त 'लाकडाची इमारत' म्हणताना आपण अर्धीच गोष्ट ऐकतो, एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडे उंच लाकूड नवीन नाही. शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची. सागवान आलं जुन्नरच्या जंगलातून, चुना जेजुरीचा, आणि दगड आला आपल्या चिंचवडच्या खाणींतून. म्हणजे त्या वाड्यात आपल्या भागाचा वाटा होता, फक्त तो जोत्यात होता. वर सात मजल्यांपर्यंत लाकूड आणि वीट चढली. गच्चीवरून आळंदीचा कळस दिसायचा अशी आख्यायिका आहे. तो वाडा 27 फेब्रुवारी 1828 ला पेटला आणि आठवडाभर जळत होता असं नोंदलेलं आहे. त्याआधीही वाड्यात आगी लागल्या होत्याच. आज उरलं काय? चिंचवडचा दगड. लाकडाचं नाव काढलं की पुणेरी माणसाच्या डोळ्यापुढे पहिली ही आग येते. म्हणून आगीच्या शंकेला आधी हात घालतो, जरी माझी मुख्य शंका ती नाही.

जाड लाकूड पेटतं कसं, याचा हिशेब बऱ्यापैकी पक्का आहे. बाहेरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. युरोपीय मानकात हा वेग मिनिटाला साधारण 0.65 ते 0.7 मिलिमीटर धरतात. तासाला चार सेंटिमीटर. खांबाला जेवढं लाकूड हवं त्याहून दोन तासांचं लाकूड जास्त घातलं, की दोन तास तो उभा राहतो. उघडं पोलाद याच आगीत कितीतरी आधी मऊ पडून वाकतं. चुलीत जाड ओंडका आणि काटकी एकत्र घातलेल्या कुठल्याही आजीला हे वेगळं शिकवायला नको.

पण हा हिशेब ओंडक्याचा आहे. सीएलटी चिकटवलेली असते, आणि जुन्या प्रकारचे डिंक तापले की कोळशाचा थर जागेवर न राहता सुटून पडायचा. आतलं ताजं लाकूड उघडं पडायचं आणि विझत आलेली आग पुन्हा भडकायची. अमेरिकेत चाचण्यांत हे दिसल्यावर 2018 मध्ये सीएलटीचं मानक बदललं आणि डिंकावर उष्णतेची कडक चाचणी आली. 2021 च्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत अठरा मजल्यांपर्यंत, म्हणजे 270 फुटांपर्यंत, लाकडाला परवानगी मिळाली. पण त्या सर्वात उंच गटात सगळं लाकूड जिप्सम बोर्डाने झाकायचं, ही अट घालूनच. हे वाक्य लक्षात ठेवा, मी याकडे परत येणार आहे.

इंग्लंडने लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर उलट दिशा धरली. 14 जून 2017 च्या त्या आगीत 72 माणसं गेली. इमारत काँक्रीटची होती, पेटलं ते बाहेरचं आवरण. पण त्यानंतर 18 मीटरच्या वरच्या निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत ज्वलनशील साहित्य बंद झालं आणि त्यात सीएलटीही आली. आणि जे बांधकाम अजून झाकलंच गेलेलं नाही, त्याची जोखीम सगळ्यात जास्त. नॉटिंगहॅम विद्यापीठाची लाकडी प्रयोगशाळा 2014 मध्ये बांधकाम चालू असतानाच जळाली. आपल्या साइटवर वेल्डिंगची ठिणगी, मजुरांच्या चुली आणि तात्पुरत्या वायरिंगचे गुंते कसे असतात, ते या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि माणूस मरतो तो बहुतेक वेळा तुळई जळून नव्हे. चिखलीच्या पूर्णानगरात 30 ऑगस्ट 2023 ला दुकानाला आग लागली आणि आत झोपलेलं चौघांचं कुटुंब गेलं. तिथे प्रश्न सांगाड्याचा नव्हता. धूर आणि बाहेर पडायची वाट, एवढाच प्रश्न होता. त्याच वर्षी 25 मे ला पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या वखारी पेटल्या, त्या रचलेल्या सुट्या लाकडाच्या. वखारीची आग दाखवून सीएलटी नाकारणं जसं चूक, तसंच प्रयोगशाळेतली तुळई दाखवून आपल्या जिन्यांत ठेवलेल्या सायकली, चपलांची कपाटं आणि कुलूपबंद गच्ची विसरणंही चूक. आगीच्या बाबतीत माझं मत असं, की नियम कडक असले आणि पाळले गेले तर लाकडी इमारत काँक्रीटच्या जवळपास सुरक्षित करता येते. 'पाळले गेले तर' या तीन शब्दांवर वेगळं व्याख्यान लागेल.

आता पाणी. माझी खरी शंका इथे आहे.

पुण्याच्या पेठांतले वाडे गेले कशाने? थोडे आगीने गेले, 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कित्येक मातीच्या भिंती विरघळून बसले. पण जास्तीत जास्त वाडे गेले ते एका कौलाने. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला महिना काही रुपये मिळायचे, कौलं चाळायला त्याहून जास्त लागायचे. कौल सरकलं, पाणी भिंतीत उतरलं, आणि तुळईचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं तिथे साचलं. खोलीत उभं राहून वर बघितलं तर कडीपाट ठणठणीत दिसायचा. सागवान होतं, शंभर वर्षं काही झालं नव्हतं. न दिसणारी वीतभर तेवढी भुगा झालेली असायची. एका पावसाळ्यात खण खाली यायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'जीर्ण वाडा कोसळला' असं छापून यायचं.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. जुन्या उपकरप्राप्त इमारतींची मूळ यादी 19,642 ची. त्यांतल्या पुष्कळ लाकडी सांगाड्याच्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी 1969 मध्ये स्वतंत्र कायदा करून मंडळ नेमावं लागलं. तिथली दुरुस्ती करणारे लोक सांगतात, की आधी मोरीखालची आणि संडासाखालची तुळई बघायची. माळ्यावरची नाही, दर्शनी नाही, मोरीखालची.

बरं, हे गरीब भाडेकरूंचं आणि जुन्या काळाचं दुखणं म्हणावं, तर कॅनडाचा अनुभव बघा. व्हँकुव्हरच्या परिसरात 1980 आणि 90 च्या दशकांत बांधलेल्या लाकडी सांगाड्याच्या सदनिकांत हजारो घरं आतून कुजली. बाहेरच्या गिलाव्याच्या फटींतून पावसाचं पाणी आत गेलं, वाळायला वाट नव्हती. 1998 मध्ये चौकशी आयोग बसला. तिथे कायदा आहे, विमा आहे, लाकडात पिढ्या गेलेले कारागीर आहेत. तरी असं झालं.

लाकडाची ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर असते, एप्रिलच्या दुपारी वीसच्या आसपास उतरते. लाकूड वर्षातून एकदा फुगणार, एकदा आकसणार. सांधे सैल होणार, सीलंटला चिरा जाणार. आणि सीएलटी बहुधा स्प्रूस-पाइनची, म्हणजे वाळवीला मेजवानीच. सागाच्या अंगात जे तेल असतं ते यात नाही. रसायन भरता येतं, त्याला आपल्याकडे मानकं आहेत. पण रसायन भरल्यावर डिंक किती धरतो, कापलेल्या कडेला ते पुन्हा कोण लावणार, हे प्रश्न उरतात.

डिंकावरूनच एक सांगतो. अमेरिकेत ओरेगन राज्य विद्यापीठात, तेही वनशास्त्राच्याच इमारतीत, मार्च 2018 मध्ये सीएलटीच्या लादीचा थर सुटून खालच्या मजल्यावर पडला. कारखान्यात डिंक नीट जमला नव्हता. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. तिथे लाद्या तपासून बदलल्या गेल्या. आपल्याकडे? आपल्या प्रत्येकाच्या घरात इंजिनिअर्ड लाकूड आधीच आहे, स्वयंपाकघराच्या ट्रॉलीत. माझ्याही घरी आहे. त्यावर आयएस 710 चा ठसा आहे, म्हणजे उकळत्या पाण्यालाही न सुटणारं मरीन प्लाय. सिंकखालची फळी तिसऱ्या पावसाळ्यात पुस्तकासारखी उघडली. दुकानदाराने हसून दुसरी दिली, त्यावरही तोच ठसा. ट्रॉलीची फळी बदलता येते हो. चौदाव्या मजल्याची स्लॅब कशी बदलणार?

आता मघाचं वाक्य आठवा. उंच इमारतीत लाकूड झाकलंच पाहिजे, ही आगीची अट. आणि ओल वेळेत दिसायची असेल तर लाकूड उघडं पाहिजे, ही पाण्याची अट. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. मला वाटतं, उंच लाकडी इमारतींच्या चर्चेत सर्वात अवघड मुद्दा हा आहे, आणि जाहिरातीत तो कधीच नसतो. काँक्रीटमध्ये वरच्या मजल्याचं बाथरूम गळलं की खालच्याच्या छताला पिवळा डाग पडतो, मग पोपडे, मग गंजलेली सळई दिसते. काँक्रीट तक्रार करतं. जिप्समच्या दुहेरी आवरणामागचं लाकूड गप्प बसतं.

नॉर्वे-ऑस्ट्रियात यावर उपाय करतात. काही इमारतींत लादीत ओल मोजणारे सेन्सर बसवतात, ओल्या खोल्या वेगळ्या डब्यासारख्या बनवतात, इमारतीबरोबर देखभालीची वही देतात. आपल्याकडे सोसायटी ताब्यात येते, मग अभिहस्तांतरणासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे. तोवर नकाशे बिल्डरच्या ऑफिसात. गळतीचं भांडण वरच्या आणि खालच्या सदनिकेत असतं, समिती म्हणते हा तुमचा आपापसातला मामला. कुणीतरी टाइल्स बदलताना वॉटरप्रूफिंग फोडतो, कुणी एसीच्या पाइपसाठी भिंतीला आरपार भोक पाडतो. विजयनगर असो, तापकीरनगर असो किंवा हिंजवडीकडचे गगनचुंबी टॉवर, या सवयीत मला फारसा फरक दिसलेला नाही. काँक्रीटने हे सगळं निमूट सोसलं म्हणून आपल्याला ते कळलं नाही.

लाकडाच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे, आणि ते लहान नाही. काँक्रीट घनमीटरला सुमारे अडीच टन, सीएलटी अर्धा टन. भूकंपाचा धक्का वजनावर बसतो. इमारत हलकी तर धक्का कमी. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत हजारो माणसं मेली ती माळवदावरच्या मातीच्या आणि जाड दगडी भिंतींच्या वजनाने. भिंती ढासळल्या तरी आतला लाकडी खण उभा राहिल्याची उदाहरणं तिथे होती. 2023 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला दहा मजली लाकडी इमारत कंपनमंचावर हलवून पाहिली, सांगाडा टिकला. 2016 च्या मानकाप्रमाणे पुणे तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतं, तेव्हा हा फायदा कागदावरचा नाही. बांधणीचा वेगही मोठा: व्हँकुव्हरच्या त्या वसतिगृहाचा लाकडी सांगाडा सत्तर दिवसांच्या आत उभा राहिला.

आणि कौशल्याची तर आपल्याकडे ददात नाही. सीएलटीला सुतारापेक्षा जास्त लागतो सीएनसी यंत्राचा ऑपरेटर, जो मिलिमीटरात खिडकीचं भोक कापेल. असे ऑपरेटर भोसरी-चाकणमध्ये गल्लोगल्ली आहेत. पाइनही रोज आपल्या दारात येतो, चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या यंत्रांच्या खोक्यांतून आणि पॅलेटमधून. त्या फळ्यांवर उष्णतेच्या प्रक्रियेचा शिक्का असतो: आतपर्यंत 56 अंश, तीस मिनिटं, कीड मरावी म्हणून. त्याच फळ्यांचे पलंग आणि टेबलं चिखली-कुदळवाडीत बनत आली. 2025 च्या फेब्रुवारीत तिथली अनधिकृत गोदामं पाडली गेली, त्यात हा धंदाही विस्कटला. कुठल्याच धोरणात न बसणारे हे सुतार पाइन जितका ओळखतात तितका आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कुणी ओळखत नसेल.

मग लाकूड आणायचं कुठून? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने 1993 मध्ये लाकडाचा वापर बंद केला होता, तो 2020 मध्ये उठवला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने जंगलतोड बांधली गेली, आणि ते योग्यच झालं. बल्लारशाच्या आगाराचं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं, ते दारांनाच शोभतं. थर करून चिकटवायला कुणी साग वापरणार नाही. उरतो परदेशी स्प्रूस किंवा पाइन, न्हावा-शेव्यामार्गे. घनमीटरभर लाकडात सुमारे पाऊण टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन साठलेला असतो, त्यातून जहाजाचं, भट्टीचं, डिंकाचं वजा करा. तरी काही शिल्लक राहील. पण तो साठा इमारत उभी असेपर्यंतच. आपल्याकडे तीस वर्षांची इमारत पुनर्विकासाला जाते. तीस वर्षांनी त्या लाद्या जळणार किंवा राडारोड्यात कुजणार असतील, तर आपण कार्बन साठवला नाही, उसना घेतला.

मला जास्त आशा बांबूची वाटते. 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून निघाला, शेतकऱ्याला तोडायची मोकळीक मिळाली. कुडाळच्या कोनबॅक या संस्थेने बांबूची बांधकामं करून दाखवली आहेत, बंगळूर विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं छत बांबूने मढवलंय, आणि विदर्भात वणी-वरोरा रस्त्यावर दोनशे मीटर बांबूचा कठडाही लागला. यातलं काहीच वीस मजली नाही, आणि असायची गरजही नाही.

तर माझं म्हणणं असं. काळेवाडीत लाकडी टॉवर नको, निदान या पिढीत नको. गुंठ्याच्या जागेवरच्या जुन्या चार मजल्यांवर 'हलकं आहे' म्हणून लाकडाचा पाचवा-सहावा चढवण्याचा मोह होईल. खालचे खांब कुणी तपासले नसतील तर तोही नको. महापालिकेने हवं तर एखाद्या शाळेचं सभागृह किंवा दोन मजली वाचनालय बांधावं. ग्लुलॅमच्या तुळया किंवा बांबूच्या, जे इथे मिळेल ते. पण सांधे उघडे, तुळईची टोकं भिंतीच्या बाहेर, छपराला हात-दीड हात पागोळी, आणि दर ऑक्टोबरला ओल मोजून आकडे दारावर लावायचे. दहा पावसाळ्यांचे आकडे हातात आले की उंचीचं बोलू.

आणि त्याआधीच कुणी तुम्हाला लाकडी टॉवरचं गुळगुळीत पुस्तक घेऊन भेटला, तर आग किती तास झेलते हे विचारू नका, त्याचं उत्तर त्याने पाठ केलेलं असेल. सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूमखाली जा आणि म्हणा, हे छत उघडून आतलं लाकूड दाखवा. पाना आणायला माणूस धावला तर पुढची बोलणी करा.